शेवटच्या दिवसांची काळजी रात्रपाळीच्या मावशींना शिकवा : कोल्हापूरच्या वृद्धाश्रम चालकांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील वृद्धाश्रम आणि शुश्रूषा केंद्रांचे विश्वस्त व व्यवस्थापक

प्रत : अधिष्ठाता, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, सहायक आयुक्त, समाजकल्याण, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

आपल्या आश्रमात राहायला आलेल्या बहुतेकांचे ते शेवटचे घर असते. प्रवेशाच्या दिवशी हे कोणी बोलत नाही, आणि पुढेही बोलायची वेळ टळत राहते. नाश्ता, औषधे, भजन, डोळ्यांची तपासणी, सणवार या सगळ्याचे वेळापत्रक भिंतीवर असते. मरणाची मात्र काहीच तयारी नसते. ते येते बहुधा रात्री, तीस खाटांमागे एकच मावशी जागी असताना. समोरचा श्वास असा का चालला आहे, आता काय करायचे, कोणाला उठवायचे, हे तिला कोणी शिकवलेले नसते. ती घाबरून 108 ला फोन करते. मग ज्या आजोबांचा प्रवास त्यांच्या खाटेवर शांतपणे संपला असता, ते स्ट्रेचर, गाडीतले हादरे आणि अपघात विभागातला झगझगीत उजेड यांच्यात, अनोळखी माणसांसमोर जातात.

दोष मावशींचा नाही. न शिकवलेल्या कामाची जबाबदारी आपण तिच्यावर टाकली आहे. शेवटच्या दिवसांची काळजी हे कौशल्याचे काम आहे आणि ते सातवी शिकलेल्या मदतनिसालाही नीट येऊ शकते, पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात : हाताने करून घेतलेले शिक्षण आणि डॉक्टरांचे लेखी पाठबळ. यातली एकच असली तर काम होत नाही. या पत्रात आम्ही नेमके काय शिकवायचे आणि कुठे चुकते ते लिहीत आहोत.

पहिला धडा मरणाच्या लक्षणांचा नसून, मरण नसलेल्या गोष्टी ओळखण्याचा असावा. 'म्हातारपण आहे, आता संपत आले' असे म्हणून ज्यांच्याकडे दुर्लक्ष होते, त्यांतल्या काहींना साधा, बरा होणारा त्रास असतो. सर्वांत धोक्याची म्हणजे उतरलेली साखर. मधुमेहाच्या आजींचे जेवण निम्म्यावर येते, पण गोळी किंवा इन्शुलिन नेहमीप्रमाणे चालूच राहते. दोन दिवसांत त्या गुंगीत जातात, अंग घामाने थंड पडते, आणि सगळ्यांना वाटते की वेळ जवळ आली. म्हणून नियम असा हवा : कोणीही अचानक सुस्त झाले की आधी ग्लुकोमीटर. 70 च्या खाली आकडा आला आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात कालवून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही ओतू नये, डॉक्टरांना बोलवावे. जेवण कमी झाल्याचे त्याच दिवशी डॉक्टरांना कळवणे हा या धड्याचाच भाग आहे.

तशीच बरी होणारी आणखी कारणे म्हणजे लघवीतला जंतुसंसर्ग, चार-पाच दिवस साचलेला मळ, झोपेच्या गोळीचा जास्त डोस, उन्हाळ्यात पाणी कमी पडणे. चांगले चालणारे-बोलणारे माणूस एक-दोन दिवसांत बरळू लागले तर ते 'वयाने' होत नाही, त्याला कारण असते. अशा वेळी रुग्णालयात नेणे योग्यच आहे. आम्ही कोणालाही उपचारांपासून दूर ठेवा असे म्हणत नाही, आणि प्रशिक्षणातून मावशींचा तसा समज झाला तर ते प्रशिक्षण न दिलेले बरे.

खरोखरच शेवट जवळ येतो तेव्हा उतरण हळू असते. काही आठवडे झोप वाढत जाते, खाण्यावरची इच्छा जाते, माणूस खाटेवरून उठेनासा होतो. शेवटच्या दोन-तीन दिवसांत गिळणे थांबते, लघवी थोडी आणि गडद होते, हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर आणि तळपायांवर जांभळट जाळी दिसू लागते. श्वास एका लयीत राहत नाही : खोल होत जातो, मग उथळ, मग वीस-तीस सेकंद थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. शेवटच्या तासांत खालचा जबडा प्रत्येक श्वासाबरोबर हलतो, मनगटाची नाडी लागत नाही, डोळे अर्धवट उघडे राहतात. ही लक्षणे चित्रांसह शिकवावीत आणि मावशींकडून परत सांगून घ्यावीत. श्वास थांबून परत सुरू होणे हे जिला माहीत आहे ती घाबरून नातेवाइकांना 'गेले' असा फोन करणार नाही. ही चूक होते, आणि ती त्या कुटुंबाच्या कायम लक्षात राहते.

आता खाण्यापिण्याबद्दल, कारण सर्वांत जास्त इजा इथेच होते आणि तीही मायेपोटी. आपल्याकडे उपाशी माणूस जाऊ देणे पाप वाटते. म्हणून गाल दाबून, मान मागे करून वाटीभर पेज घशात घातली जाते. ती अन्ननलिकेत न जाता फुफ्फुसात जाते, ताप येतो, न्यूमोनिया होतो. शिकवायचे ते असे : पाठीशी लोड लावून माणसाला शक्य तितके ताठ बसवा, हनुवटी किंचित छातीकडे ठेवा, मान मागे नको. छोटा चमचा, तोही अर्धा. कंठमणी वर जाऊन खाली आला, म्हणजे गिळले, मगच पुढचा. पातळ चहा आणि पाण्याने ठसका लवकर लागतो. नाचणीची आंबील, घट्टसर पेज किंवा मऊ केलेला शिरा त्यापेक्षा सोपा जातो. भरवल्यावर अर्धा तास आडवे करू नका. खोकला आला, आवाज ओला झाला, घास गालात साचला, डोळे मिटायला लागले की थांबा. 'दोनच चमचे घेतले' अशी नोंद चालेल. 'पूर्ण वाटी संपवली' ही नोंद अशा माणसाबाबत शाबासकीची धरू नये.

पुढचा टप्पा नातेवाइकांचा. पुण्याहून, बेंगळुरूहून मुलगा येतो आणि म्हणतो, निदान सलाईन तरी लावा. नाकातून नळी घाला. त्याला सांगण्यासाठी मावशी आणि सिस्टरांकडे तयार, साधे शब्द हवेत : शरीर आता बंद होत आहे म्हणून भूक नाही; 'भूक नाही म्हणून शरीर बंद होत आहे' असे नाही. शेवटच्या दिवसांत नसेतून दिलेले पाणी मूत्रपिंडे बाहेर टाकू शकत नाहीत. ते पायांत, छातीत आणि घशात साचते, धाप आणि घरघर वाढते. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या अवस्थेत नाकातल्या नळीने आयुष्य वाढत नाही, फुफ्फुसात अन्न जाणेही थांबत नाही, आणि नळी उपसू नये म्हणून हात बांधावे लागतात ते वेगळेच. हे बोलणे जिन्यात किंवा खाटेच्या पायथ्याशी नको. दार लावून, बसून, पाणी देऊन, आणि आधी 'तुम्हाला काय दिसतंय त्यांच्यात?' असे विचारून सुरू करावे.

ज्याला काही गिळता येत नाही त्याचे तोंड मात्र कोरडे पडू द्यायचे नाही. तहान जाणवते ती बहुतेक तोंडाच्या कोरडेपणामुळे, आणि त्यावर उपाय हातात आहे. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा, रोज ताजे. त्यात लहान मुलांचा मऊ ब्रश किंवा बोटाला गुंडाळलेली गॉझ बुडवून, पिळून, दर दोन तासांनी हिरड्या, जीभ, गालांचा आतला भाग पुसायचा. गॉझ निथळत असेल तर तेच पाणी घशात जाते, म्हणून पिळणे महत्त्वाचे. कवळी रात्री काढून ठेवायची. ओठांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन, पण ऑक्सिजन चालू असेल तर तेलकट काही नको, पाण्यातले मलम लावावे. जिभेवर दह्यासारखे पांढरे थर दिसले तर ते खरवडू नयेत, डॉक्टरांना दाखवावेत, ती बुरशी असते आणि औषधाने जाते. गंगाजल आणि तुळशीची इच्छा सगळ्यांची असते. ते चमच्याने न देता तुळशीचे पान पाण्यात बुडवून ओठांवर फिरवा, भाव तोच राहतो आणि ठसका लागत नाही.

वेदनेबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ती सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. बोलता येणाऱ्यांना विचारता येते. स्मृतिभ्रंश झालेल्यांना आणि गुंगीत असलेल्यांना विचारून उत्तर मिळत नाही, म्हणून 'ते शांत आहेत' असे धरले जाते. त्यांच्यासाठी पाच गोष्टी पाहायच्या : श्वास, कण्हणे किंवा ओरडणे, चेहरा, अंगाची हालचाल, आणि जवळ घेतल्यावर, बोलल्यावर ते शांत होतात का. प्रत्येकाला 0, 1 किंवा 2 गुण, बेरीज 10 पैकी. ही पद्धत जगभर स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी वापरली जाते आणि शिकायला अर्धा तास लागतो. कूस बदलताना आणि अंघोळ घालताना पाहावे, नुसते पडलेले असताना नाही. बेरीज 4 किंवा जास्त आली की डॉक्टरांना फोन, औषध दिल्यावर तासाभराने पुन्हा गुण. 'चिडचिड करतात', 'हात लावू देत नाहीत', 'मारतात' अशा नोंदी जिथे आहेत तिथे आधी वेदना शोधावी, झोपेची गोळी नंतर.

कर्करोगाच्या किंवा इतर तीव्र वेदनेला पॅरासिटामॉल पुरत नाही, तेव्हा मॉर्फिन लागते, आणि इथे आश्रम, औषध दुकानदार आणि कुटुंब तिघेही बिचकतात. 2014 साली अमली पदार्थ कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन यांसह सहा औषधे अत्यावश्यक ठरवली गेली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ती ठेवण्यासाठी पूर्वीसारखे अनेक परवाने लागत नाहीत. पण आश्रमाने स्वतः साठा करायचा नाही. मान्यता असलेल्या रुग्णालयातून रहिवाशाच्या नावाच्या चिठ्ठीवर गोळ्या आणायच्या, कुलपात ठेवायच्या, प्रत्येक पाळीच्या बदलाला दोघांनी मोजून सही करायची, आणि माणूस गेल्यावर उरलेल्या परत करायच्या. डोस डॉक्टरच ठरवतील. अशक्त वृद्धांत तो बहुधा अडीच मिलिग्रॅमपासून, दर चार तासांनी सुरू होतो, मूत्रपिंड कमजोर असेल तर अंतर वाढवतात. गोळी 10 मिलिग्रॅमची असेल तर पाव तुकडा सुरीने नीट होत नाही, गोळी कापायची डबी घ्यावी. मावशींनी शिकायचे ते हे : मॉर्फिन सुरू झाले त्याच दिवशी पोट साफ होण्याचे औषधही सुरू झाले का ते विचारा, कारण बद्धकोष्ठ हमखास होतो. दुखेल तेव्हाच न देता घड्याळाप्रमाणे द्या. गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने अंग पुसा, कूस बदला. हाक मारून जाग येत नसेल, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली असेल आणि श्वास मिनिटाला 8 पेक्षा कमी असेल तर पुढचा डोस देऊ नका, लगेच फोन करा. फेंटॅनिलची, त्वचेवर चिकटवायची पट्टी असेल तर ती 72 तासांनी बदलतात, नवी लावण्याआधी जुनी काढलीच पाहिजे, आणि त्या जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, उष्णतेने औषध एकदम अंगात उतरते. योग्य डोसात दिलेल्या मॉर्फिनने मरण ओढवत नाही. ही भीती प्रशिक्षणातच काढली नाही, तर मावशी मनानेच डोस टाळतात आणि वहीत 'दिला' असे लिहितात.

धाप लागल्यावर सगळे ऑक्सिजनचा सिलिंडर शोधतात. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ठीक दिसत असेल तर सिलिंडरने फारसा फरक पडत नाही. डोके-पाठ उंच करणे, खिडकी उघडणे आणि छोट्या पंख्याचा वारा गालावर, नाकाजवळ घेणे याने खरा आराम पडतो. घशातली घरघर ऐकणाऱ्यांना असह्य होते, पण त्या अवस्थेतल्या माणसाला ती बहुधा जाणवत नाही. कुशीवर वळवावे, तोंडातले पाणी कडेने पुसावे. सक्शनची नळी घशात खोल घालू नये, रक्त येते आणि स्राव वाढतो. डॉक्टर स्राव कमी करणारे इंजेक्शन देऊ शकतात, ते लवकर दिले तरच उपयोगी पडते, म्हणून फोन करायला उशीर नको.

शेवटच्या रात्रींत काही जण पांघरूण ओढतात, उठून बसू पाहतात, हवेत हात फिरवतात. हात बांधू नका. क्रमाने पाहा : ओटीपोट फुगले आहे का, म्हणजे लघवी तुंबली आहे का, मळ साचला आहे का, दुखत आहे का, डायपर ओला आहे का, चादरीची वळी टोचते आहे का. यात कारण सापडले नाही तरच औषधासाठी फोन. लघवी तुंबलेल्या माणसाला झोपेचे इंजेक्शन देणे ही फार वाईट चूक आहे आणि ती होऊ शकते.

कूस दर दोन तासांनी बदलावी, पूर्ण कुशीवर न टाकता पाठीला उशी देऊन साधारण 30 अंश तिरके ठेवावे, टाचा पोटरीखालच्या उशीने अधांतरी. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून पाहावे. लाली पांढरी होत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे, तिथे चोळू नये, पावडर थापू नये. अगदी शेवटच्या दिवशी वळवतानाच त्रास होत असेल तर अंतर चार-सहा तास केले तरी चालते. हवेची गादी असली तरी वळवावे लागते, हे विकत घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

हे सगळे मावशीला आले तरी, रात्री 'हॉस्पिटलला न नेता इथेच सांभाळा' हा निर्णय ती घेऊ शकत नाही, घेऊही नये. तो आधी, दिवसा, डॉक्टर आणि कुटुंबाने घेतलेला आणि कागदावर असलेला हवा. एका पानाचे नियोजनपत्र पुरे : आजार काय, काय झाले तर रुग्णालयात न्यायचे (हाड मोडणे, रक्तस्राव, आटोक्यात न येणारी वेदना), काय झाले तर न्यायचे नाही, रात्री कोणाला फोन, तो न उचलल्यास दुसरा कोण, कोणती औषधे कुठे ठेवली आहेत, अंत्यविधी कोण करणार. खाली डॉक्टरांची, रहिवाशाची आणि नातेवाइकाची सही. प्रवेशानंतर महिन्याभरात भरावे, दर सहा महिन्यांनी आणि प्रत्येक मोठ्या आजारानंतर बदलावे. छाती दाबून हृदय पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करायचा नाही असे ठरले असेल तर तसेच पूर्ण लिहावे. 'सीपीआर नको' असे लिहिले तर कोल्हापुरात कोणीही त्याचा अर्थ छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात नेऊ नका असा घेईल, कारण इथे त्या रुग्णालयालाच 'सीपीआर' म्हणतात.

ज्या रहिवाशांची समज शाबूत आहे त्यांना जीवनेच्छापत्राबद्दलही (लिव्हिंग विल, म्हणजे बरे होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेले पत्र) सांगावे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली आणि 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने पद्धत सोपी केली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावे लागत नाही. महाराष्ट्रात त्याची प्रत जपण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांत अभिरक्षक नेमले आहेत. आश्रमाने कोणावरही सहीसाठी दबाव आणू नये, आणि हे पत्र प्रवेशाची अट तर मुळीच करू नये.

डॉक्टरांबाबत एक अडचण नेहमीची. ज्यांनी रुग्णाला कधी पाहिलेच नाही असे डॉक्टर पहाटे चारला येऊन मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर सही करणार नाहीत, आणि त्यांनी करूही नये. मग मृतदेह अडकतो, पोलीस येतात, कुटुंब कोसळते. म्हणून खाटेला खिळलेल्या प्रत्येकाला करारातल्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा पाहून नोंद करावी. रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूसाठी कारणाचा दाखला नमुना 4-अ मध्ये असतो, नोंदणी 21 दिवसांत करायची असते. मात्र रहिवासी पडून हाड मोडले आणि त्यानंतर काही आठवड्यांनी त्याच दुखण्यात गेला, तर तो नैसर्गिक मृत्यू धरून घाईने दहन करू नये, पोलिसांना कळवावे. ही गोष्ट व्यवस्थापकांना माहीत नसेल तर पुढे त्यांनाच त्रास होतो.

रीतीभाती आपल्या जिल्ह्यात एकसारख्या नाहीत, आणि नियोजनपत्रात त्या विचारून लिहिलेल्या असाव्यात. जैन कुटुंबाला सूर्यास्तानंतर तोंडात काही घालणे नको असेल, नवकार मंत्र ऐकवायचा असेल. लिंगायतांमध्ये बसवून दफन करण्याची पद्धत आहे, तेव्हा अंग कडक होण्याआधी कुटुंबाला विचारूनच हातपाय ठेवावेत. मुस्लिम कुटुंबाला चेहरा किब्ल्याकडे, आपल्याकडे पश्चिमेला, आणि कानाशी कलमा हवा असतो, स्त्रीचे अंग स्त्रियांनीच धुवायचे असते. अनेक हिंदू घरांत जीव जाण्याआधी जमिनीवर घेतात. श्वास चालू असताना दोघांनी काखेत धरून उतरवणे यातनादायक असते. घ्यायचेच असेल तर चादरीच्या चार कोपऱ्यांना चौघांनी धरून, खाली गादी अंथरून, आणि कुटुंबाची हरकत नसेल तर प्राण गेल्यावर. गडहिंग्लज, चंदगडकडच्या रहिवाशांपैकी काहींना शेवटी कानडीच कळते, हेही पाळी लावताना पाहावे.

गेल्यानंतर कोणते काम किती वेळात, हेही शिकवायला हवे. वेळ लिहा, डॉक्टर येईपर्यंत नळ्या काढू नका. अंग दोन ते चार तासांत ताठरू लागते, त्याआधी डोळे मिटवा, कवळी परत बसवा, जबड्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा किंवा पट्टी बांधा, हात सरळ करा. नेत्रदान करायचे असेल तर सहा तासांच्या आत, म्हणून नेत्रपेढीला आधी फोन, पंखा बंद, डोळ्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी. पेसमेकर असेल तर दहनाआधी काढावा लागतो, ते नियोजनपत्रातच ठळक हवे. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिकेतर्फे मोफत दहन होते, ही माहिती निराधार रहिवाशांसाठी रात्रपाळीच्या भिंतीवर असावी. शेजारच्या खाटेवरच्यांपासून मृत्यू लपवू नका, त्यांना कळतेच. आणि ती खाट निदान एक दिवस रिकामी ठेवा. मावशींनाही बसून बोलायला पंधरा मिनिटे द्या, त्यांनी त्या माणसाला दोन-तीन वर्षे न्हाऊ-माखू घातलेले असते.

प्रशिक्षण कसे द्यावे याबद्दल आमचे मत पक्के आहे. सभागृहात शंभर जणांना स्लाइड दाखवून, चहा-बिस्कीट आणि प्रमाणपत्र देऊन यातले काहीही येत नाही. बारा जणांची तुकडी, तीन तासांचे सहा वर्ग, खाट-चादर-उशांसह, प्रत्येकीने दुसरीला वळवून, भरवून, तोंड पुसून पाहायचे. चमच्याने भरवले जाण्याची भीती एकदा स्वतः झोपून अनुभवली की हात आपोआप हळू होतो. वर्ग कामाच्या वेळेत घ्यावेत. रात्रपाळी संपवून बसवले तर मावशी झोपेने पेंगतात, म्हणून त्या दिवसाचा पगार देऊन आदल्या रात्री सुट्टी द्यावी. दर तीन महिन्यांनी एक तासाची उजळणी. मदतनीस सतत बदलतात, तेव्हा नव्या व्यक्तीला पहिल्याच आठवड्यात चार गोष्टी : सुरक्षित भरवणे, तोंडाची काळजी, वळवणे, आणि कोणाला कधी फोन. वाचता न येणाऱ्यांसाठी नोंदवही चित्रांची करावी.

इंग्लंडमध्ये मरणासन्न रुग्णांसाठी 'लिव्हरपूल केअर पाथवे' नावाची चांगल्या हेतूची पद्धत होती. अनेक ठिकाणी पुरेसे शिक्षण न देता तिचा निव्वळ खुणा करायचा फॉर्म झाला, पाणी मागणाऱ्यालाही पाणी नाकारल्याच्या तक्रारी आल्या, आणि 2013 च्या चौकशीनंतर ती बंद करावी लागली. आपण नियोजनपत्र छापून मोकळे झालो तर इथेही तेच होईल. पाणी मागितले तर पाणी द्यायचेच, बसवून, घोटघोट.

प्रत्येक मजल्यावर एक डबा ठेवा : ग्लुकोमीटर आणि 25 पट्ट्या, ग्लुकोजचे पाकीट, थर्मामीटर, मऊ ब्रश चार, गॉझ, व्हॅसलिन, हातमोजे, हातात धरायचा पंखा, टॉर्च, तीन इंची पट्टी, कापूस, दोन जादा चादरी, आणि झाकणाच्या आत चिकटवलेले फोन नंबर. शिरोळ, करवीरच्या नदीकाठी आणि गगनबावड्याच्या रस्त्यावर असलेल्यांनी मे अखेरीस प्रत्येक अंथरुणाला खिळलेल्या रहिवाशाची पंधरा दिवसांची औषधे जमवावीत. 2019 आणि 2021 च्या पुरात रस्ते बंद होतात म्हणजे काय होते ते जिल्ह्याने पाहिले आहे, आणि मॉर्फिन अचानक बंद पडले तर वेदना परत येतेच, शिवाय घाम, जुलाब, तगमगही होते.

वैद्यकीय महाविद्यालयाला आमची विनंती : एक डॉक्टर आणि एक परिचारिका या कामासाठी नेमावी, रात्री आश्रमांना सल्ला मिळेल असा एक फोन नंबर ठेवावा, आणि मॉर्फिन नियमित उपलब्ध राहील हे पाहावे. समाजकल्याण विभागाला : ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या, 2007 च्या, कलम 19 मध्ये वृद्धाश्रमांतल्या वैद्यकीय सेवेच्या मानकांचा उल्लेख आहे. शेवटच्या आजारातली काळजी ही वैद्यकीय सेवाच आहे, ती तपासणीत धरा. तपासणीला रात्री नऊनंतर या, कपाटातल्या फाइल नंतर पाहा, आधी पाळीवरच्या मावशींना विचारा की सात नंबरच्या आजींचा श्वास बदलला तर तुम्ही काय कराल.

विश्वस्तांना : पावसाळ्यापूर्वी पहिली तुकडी सुरू करायची आहे. प्रत्येक आश्रमाने दोन नावे द्यावीत, त्यांतले एक कायम रात्रपाळी करणाऱ्यांपैकीच असावे. सोबत करारातल्या डॉक्टरांचे नाव आणि सध्या अंथरुणाला खिळलेल्या रहिवाशांची संख्या कळवावी. शिकवायला आम्ही येऊ, त्याचे शुल्क नाही. खाट, चादरी आणि सहा उशा तुमच्याकडच्या लागतील.

आपले,
वृद्धांच्या शुश्रूषेत काम करणाऱ्या कोल्हापुरातील परिचारिका, डॉक्टर आणि समाजकार्यकर्ते